कॅनडाच्या कॉलवर मी मुद्दाम गप्प बसले

मंडळी, आज इथे परदेशात, स्वोर्ड्स गावातल्या आमच्या ऑफिसात मी सूड घेतला.

आमची कंपनी कॅनडात घरपोच औषधं द्यायचं काम सुरू करतेय. तिथे लोकवस्ती कुठे आहे, लोक काय कमावतात, रस्ते कुठे संपतात, हा अभ्यास मी तीन आठवडे खपून केला. काल टीम लीड सागरने प्रेझेंटेशनवरून माझं नाव उडवलं. वर म्हणाला, "अगं, नाव कोण बघतंय?"

आज कॉलवर कॅनडाच्या क्लायंट बाईंनी त्याला विचारलं, "उत्तरेकडच्या वस्त्यांना औषधं कशी पोचवणार?"

"ट्रकने. दोन दिवसांत."

बाई हसल्या. "तिथे रस्ताच जात नाही. विमानानेच जावं लागतं."

सागरचा मेसेज आला, "प्लीज, बोल ना काहीतरी!" उत्तर मला तोंडपाठ होतं. तरी मी त्याला चांगलं अडखळू दिलं.

शेवटी मॅनेजरने विचारलं, "हा अभ्यास नक्की केलाय कोणी?" तेव्हा मी माइक सुरू केला आणि सगळं नीट सांगितलं. पुढच्या कॉलपासून बाईंना माझ्याशीच बोलायचंय.

नंतर सागर म्हणाला, "आपण दोघं मराठी ना गं?"

"माझं नाव उडवताना नव्हतो का?"

मला वाईट वाटायला हवं होतं, पण अजिबात वाटत नाहीये. तुम्ही वाचवलं असतं त्याला? खरं सांगा.