राईतल्या सहा काचा

गुरवाला समजावून सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी खोतावर नि प्रांतावर तोंड सोडीन तेव्हा ते तोंड किती स्वच्छ आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. भाट्याची खाडी तरीने ओलांडून आत दोन कोस चाललं की आमचं गाव. वर कातळ, आणि कातळाच्या कुशीत देवाची राई. तिथली काटकीही कोणी उचलत नसे. खोताला ती राई कोळशाच्या ठेकेदाराला द्यायची होती. सरळ दिली असती तर गाव उठलं असतं, म्हणून त्याने एका डॉक्टराचं पत्र मिळवलं: राईतल्या कुजट हवेने गावात दमा पसरतो, सबब झाडं काढावीत. अर्ज प्रांतसाहेबांपुढे गेला. सुनावणीला महिना होता.

मी बावीस वर्षांचा. पत्रकं लिहायची, छापायची, बाजारात वाटायची, एवढंच मला येत होतं. 'हवा विषारी आहे ना, मग ते विष दाखवा,' असं मी लिहिलं. ते वाचून रत्नागिरीच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर मला शोधत आले. म्हणाले, "अहो, हवेत काय आहे ते खरंच दाखवता येतं."

काचेच्या पट्टीला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा आणि ती वाऱ्यात टांगायची. फुलांचे पराग, बुरशीची बीजं, धूळ, जे तरंगत असेल ते चिकटतं. मग शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचं. सहा काचा राईत, सहा बाहेर कातळावर. मास्तरांना सुटी रविवारची, म्हणून काचा रविवार ते रविवार राहणार. असे तीन आठवडे.

खोत ओटीवर सुपारी कातरत होता. "हवा मोजणार म्हणे," तो मला ऐकू जाईल असं म्हणाला. "कशानं? पायलीनं की अधोलीनं?" ओटी हसली.

राईत काही न्यायचं तर देवाचा कौल हवा. कौलाविरुद्ध माझी दोन पत्रकं निघाली होती. गुरवाला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या कानावर सगळं आलेलं. "या, पत्रकवाले," तो म्हणाला. "आज आमच्या देवाकडे काय काम काढलात?" हात मास्तरांनी जोडले. गुरवाने मूर्तीला भिजवलेल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली.

"दिलान देवान," गुरव म्हणाला. "आता ह्या काचा त्याच्या."

ते आम्ही दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

पहिल्या रविवारी कातळावरच्या काचा तांबड्या झाल्या होत्या. राईतल्या जवळजवळ कोऱ्या. दुसऱ्या रविवारीही तेच. मास्तरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. "झाडाखाली पराग नाहीत? बुरशी नाही? असं होत नाही हो. काहीतरी चुकतंय."

मला चूक नको होती, पत्रक हवं होतं. मास्तरांना न विचारता सोमवारी छापखाना गाठला. बुधवारी बाजारात माझा कागद फिरत होता: 'राईची हवा निर्मळ! शास्त्राचा निकाल! खोतसाहेब, आता बोला!'

तिसऱ्या रविवारी आम्ही खाडीवरची पहिलीच होडी धरली आणि नेहमीपेक्षा लवकर पोचलो. राईत गुरव होता. त्याने एक काच उतरवली, रिठ्याच्या पाण्याने धुतली, पंच्याने पुसली, उजेडात धरून पाहिली. मग वाटीतल्या खोबरेलाचं बोट तिच्यावर फिरवलं आणि ती जागच्या जागी टांगली.

"हे रोज करता?" मास्तरांनी विचारलं.

"रोज. देवाची वस्तू मळकी ठेवून कसा चालेल? तेल तुमी लावलात तसाच लावतो, पातळ." आम्ही खूश होऊ असं त्याला वाटत होतं.

मास्तर मुळावर बसले. "काचा कशासाठी आहेत ते यांना सांगा, असं मी तुम्हांला म्हटलं होतं," ते मला म्हणाले. म्हटलं होतं. पण कौल लावणाऱ्याला हवेतले कण काय कळणार, असं मी धरून चाललो. अख्ख्या जिल्ह्याला शहाणं करायला निघालेला मी, एका माणसाशी पाच मिनिटं बोललो नव्हतो.

परतताना होडीत मी म्हणालो, "आपण काही बोलायचं नाही. काचा आहेत, त्या दाखवायच्या. झाडं वाचतील."

"आणि खोटं उघडं पडलं तर?"

"पाडणार कोण? तिथं शास्त्र कोणाला येतं?"

"मला येतं," मास्तर म्हणाले.

सुनावणीत खोताच्या वकिलाने माझं पत्रक मोठ्याने वाचलं. प्रांताने मास्तरांना विचारलं, हा निकाल तुमचा का? मास्तरांनी घडलं ते सगळं सांगितलं, रिठ्याच्या पाण्यासकट. कचेरी हसली. पावसाआधी तीन आठवडे द्या, पुन्हा काचा लावतो, असंही ते म्हणाले. ते हसण्यात बुडालं. डॉक्टराच्या पत्राला मात्र कोणी एक प्रश्न विचारला नाही. त्या माणसाने राईत कधी पाऊल टाकलं नव्हतं, हवेचा एक कण पाहिला नव्हता. पण त्याच्या कागदावर शिक्का होता. अर्ज मंजूर झाला.

गुरव कचेरीच्या पायरीवर बसला होता.

"राई गेली," मी म्हणालो.

"काचांमुळं?"

"नाही. माझ्यामुळं. तुम्हांला सांगायचं होतं, मी सांगितलं नाही."

त्याने ऐकून घेतलं. पण आतलं हसणं दारातून त्याच्यापर्यंत आलं होतं, आणि कशाला हसले तेही.

तोड वैशाखभर चालली. तिच्याविरुद्ध लिहायला मी दोनदा बसलो आणि दोनदा कागद तसाच उचलून ठेवला. गुरवाने पूजा पुतण्याकडे दिली. विचारणाऱ्याला म्हणतो, "माझा हात चांगला नाय." मी तीन वेळा त्याच्या घरी जाऊन पुन्हा पुन्हा सगळं सांगितलं. तो पाणी देतो, गूळ देतो, शेवटपर्यंत ऐकतो.

"तुमी शिकलेले," म्हणतो. "मला बरा वाटावा म्हणून बोलता."