सुलाचे दात

आटपाडीच्या बाजारात धुळाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मेंढराच्या तोंडात अंगठा घालायचा आणि वय सांगायचं: दुधाच्या दातांचं, दोन दाती, चार दाती. मेंढपाळ त्याला मानत आणि तोही स्वतःला जरा जास्तच मानायचा.

चौऱ्याहत्तर साली त्याची पोर सुला अकरा वर्षांची झाली, पण दिसायची पाच वर्षांची. हिरड्या सुजलेल्या, दात कणीएवढे, विरळ. बायको हरणाबाई मिरजेच्या डॉक्टरचं नाव काढायची, तेव्हा धुळा हसायचा. "दुधाचं दात हायती अजून. दात बदललं की वाढंल. दातातलं मला शिकवतीस व्हय?"

दात काही बदलेनात. एका सकाळी त्यानं पोरीला मांडीवर घेतलं. "हे काढलं की नवं येत्याल, अन् तू आयएवढी हुशील." उंच व्हायच्या आशेनं सुलानं आपण होऊन आ केला. चार दिवसांत त्यानं पकडीनं तोंडात होते ते आठही दात उपटले. ती रडायची, पण रोज तोंड उघडायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं पोरीचं तोंड रिकामं झालं.

वर्ष उलटलं, तरी हिरड्या तशाच. भाकरी चावेना, पोर खंगली, तेव्हा कुठं मिरज गाठली. डॉक्टरांनी जबड्याचा फोटो काढला. सुला बाहेर बाकावर झोपली होती.

"अंगात साचणारा मळ मोडणारं एक द्रव्य हिच्यात जन्मापासूनच नाही. तो हाडांत, डोळ्यांत, हिरड्यांत साचतो. नवे दात आत आडवे अडकलेत, ते वर येणार नाहीत. उंचीही वाढणार नाही. याला औषध नाही." मग त्यांनी विचारलं, "होते ते दात कुणी काढले?"

धुळानं बाहेर जाऊन झोपलेल्या सुलाला खांद्यावर घेतलं.

घरी आल्यावर सुला रोज सकाळी त्याच्यापुढं आ करून बसायची. "आबा, आला का?"

तो हिरडीवरून बोट फिरवायचा. "टोचतंय गं काईतरी. ईल उद्या."

महिनाभर हे ऐकून हरणाबाई चुलीपुढून उठली. "आवं, किती दिस फशिवणार? सुले, दात न्हाई यायचं. तुझ्या बानं उपटलं, त्येवढंच व्हतं तुझं."

सुलानं मान मागं घेतली आणि तोंड मिटलं.

पुढं ती दोन वर्षं जगली. दुधात कुस्करलेली भाकरी आईच्या हातून खायची. धुळा वाटी घेऊन आला की ओठ घट्ट मिटायची. तो तसाच समोर बसून राहायचा आणि दूध गार व्हायचं.