नलूच्या अंगावरचे पाव

नगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि कॅम्पातल्या बेकरीचा खमंग वास रस्ताभर तरंगत होता. माझी मैत्रीण नलू चित्रकार. पण रंग सोडून तिनं आता पावाचा ध्यास घेतला होता. दुष्काळी कामावर जायचं, अंगभर पाव मांडून निजायचं आणि लोकांनी एकेक पाव उचलून खात तिला मोकळं करायचं. सगळे संपेपर्यंत ती बोलणार नाही, उठणार नाही. याला म्हणे कला म्हणायचं! मी फोटो काढायला आणि खरं सांगायचं तर तिला सांभाळायला गेले होते.

पारनेरची एसटी डुलत चालली. मांडीवर गरम लादीपावांचं पोतं, बाहेर पांढरं माळरान. उन्हात टेकड्या जागच्या हलताहेत असं वाटायचं. डोळा लागला की पावाचा वास, उघडला की धूळ. कंडक्टरनं पोत्याकडं बघून विचारलं, "लगीन हाय का काय?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात बाया गाळ काढत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी सोडल्या. "या बाई, भाकर खायाला," म्हणून त्यांच्यातल्या वयस्कर भागूबाईनं आम्हालाही बसवलं. भाकरी घशाखाली उतरेना, पण तिनं चटणीसुद्धा आधी आम्हाला वाढली. मग नलू भेगाळल्या मातीवर निजली. मी तिच्या अंगावर पाव मांडले.

बाया जमल्या. पोरं टक लावून बघत होती. पण हात कुणाचा पुढं येईना.

"घ्या ना, तुमच्यासाठीच आहेत," मी म्हणाले. सगळ्या मागं सरकल्या.

भागूबाई हळूच म्हणाली, "लई आजारी हाय का व्हं ही लेक?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना हा उतारा (माणसाची पीडा जावी म्हणून त्याच्यावरून ओवाळून टाकलेलं अन्न) वाटत होता! तो जो खाईल त्याला ती पीडा लागते.

"अहो, तिला काही झालेलं नाही. ही कला आहे."

"मंग बोलंना का ती?"

आता काय सांगणार, कपाळ! नलूचे डोळे मिटलेले, पापण्या थरथरत होत्या. पाव उन्हात वाळत चालले आणि उपाशी पोरं नुसती उभी. ऊठ गं बाई, पुरे झालं, असं मनात शंभरदा म्हटलं.

इतक्यात भागूबाई पुढं झाली. तिची सून ओरडली, "आत्याबाई, नगं!"

"गप गं. पोरीला अशीच टाकून जायचं व्हय?" तिनं नलूच्या छातीवरचा पाव उचलून कपाळाला लावला. "हिचं काय असंल ते माझ्यावर यिऊ दे." आणि सावकाश, अख्खा खाल्ला. मग पोरांकडं वळली. "आता खा रं. आता काय न्हाई त्यात."

पोरं तुटून पडली. बघता बघता नलू मोकळी झाली. ती उठून बसल्यावर भागूबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "आता बरं वाटतंय का गं?"

अहो, ती ठणठणीतच होती, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण नलूनं तिचे दोन्ही हात धरले. "होय, बरं वाटतंय," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

परतीच्या एसटीत मी रिकामं पोतं घडी करून मांडीवर घेतलं. फोटो मी एकही काढला नव्हता, हातच उचलला गेला नाही. पुण्यात सगळे विचारतात, कार्यक्रम कसा झाला? मी काहीबाही सांगते. पण राहून राहून मनात येतं, त्यानंतर भागूबाईला साधा ताप जरी आला असेल, तरी ती म्हणाली असेल, ह्यो त्या पोरीचा. आणि पोरगी सुटली म्हणून समाधानानं कूस बदलून झोपली असेल.