खोललेली जीप

जीप पुरी झाली तो दिवस काकूंच्या संसारातला सगळ्यात वाईट दिवस ठरला. आणि गंमत बघा, ती एकदाची पुरी व्हावी अशी आस त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणीही धरली नव्हती.

काकू म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातल्या जीपवाल्या काकू. जीप त्यांच्या यजमानांची, पण नाव मात्र दोघांनाही तेच चिकटलं. काका विमा कचेरीत कारकून होते. दिवसभर लोकांच्या अपघातांची कागदपत्रं तपासायची आणि घरी येऊन चड्डी-बनियनवर जीपखाली शिरायचं, हा त्यांचा उभा जन्म. चिखलातून, दगडधोंड्यांतून, जिथे रस्ताच नाही तिथूनही जाणारी ती जुनी जीप. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ती भंगाराच्या लिलावातून उचलून आणली आणि दारात उभी केली. "एक-दोन महिन्यांत रस्त्यावर येईल," असं ते नव्या नवरीला म्हणाले होते. नवरी बिचारी खरं मानून बसली.

तशी ती रस्त्यावर यायची, नाही असं नाही. वर्षातून कधीतरी सगळे भाग जागच्या जागी बसायचे, काका अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालायचे, काकूंना शेजारी बसवायचे आणि गावाबाहेरच्या खडकाळ चढापर्यंत नेऊन आणायचे. जीप बकरीसारखी चढ चढायची. काकू कमरेला हात लावून बसायच्या, पण खूश असायच्या. परतताना मात्र काकांचा चेहरा बारीक होऊ लागे.

"ऐकू येतंय का गं तुला? टक टक वाजतंय."

"काही वाजत नाहीये. तुमच्या कानातच बिघाड आहे."

"नाही, वाजतंय. इंजिनाचं हेड खोलावं लागणार."

आणि दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा खोललेली. एक खोललं की त्याच्या शेजारचंही खोलून घ्यायचं, आता हात काळे झालेच आहेत तर, असा त्यांचा हिशेब. मग गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलाखाली, इंजिन बैठकीत जुन्या टायरवर, वॉल्व्हच्या स्प्रिंगा साखरेच्या डब्यात आणि कार्बोरेटर पिठाच्या चाळणीत. लेक तान्ही असताना तिला ज्या टबात न्हाऊ घालायचे, त्या टबात पुढे जन्मभर रॉकेलमध्ये बोल्ट भिजत पडले. काकूंनी आधी भांडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, शेवटी हात टेकले. पाहुणे आले की त्या इंजिनावर चादर टाकायच्या आणि वर फुलदाणी ठेवायच्या.

काकांचे सोबतीही याच पंथातले. प्रत्येकाच्या दारात अशीच एकेक म्हातारी जीप. गाडी गॅरेजात देणं म्हणजे यांच्या लेखी पोटचं पोर दुसऱ्याच्या दारात टाकणं. रविवारी सकाळी चारपाच जण जमायचे, तेही जीप घेऊन नव्हे, तर जीपचा एखादा भाग फडक्यात गुंडाळून. कसा आहेस, हे कुणी कुणाला विचारत नसे. "सध्या काय खोललंयस?" हीच यांची विचारपूस. काकांचा जिवलग त्यांच्यातलाच एक, त्याला सगळे 'चोक' म्हणायचे. सकाळी त्याला बोलतं व्हायला फार वेळ लागे, चोक ओढल्याशिवाय सुरू न होणाऱ्या थंड इंजिनासारखा, म्हणून.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकांचं डोकं दगा देऊ लागलं. आधी शब्द हरवायचे. मग गॅस तसाच चालू राहू लागला. एकदा दूध आणायला गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. चोकला ते दोन गल्ल्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडले, पिशवी मांडीवर घेऊन. त्या दिवसापासून दूध आणायला काकू स्वतः जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. हाताला जी सवय आहे ती तेवढी मोडू देऊ नका.

सवय एकच होती. जीप तेव्हा नेहमीप्रमाणे खोललेली होती, चाकांपासून सीटपर्यंत. रोज सकाळी चहा झाला की काका बैठकीत अंथरलेल्या ताडपत्रीवर बसत आणि कार्बोरेटर हातात घेत. स्क्रू काढत, झाकण उघडत, आतला बारीक भोकाचा जेट रॉकेलमध्ये धुऊन उजेडासमोर धरून आरपार बघत, फुंकर मारत, पुसत आणि सगळं पुन्हा जोडत. बोट कुठे अडखळत नसे. आणि नवल म्हणजे, तेवढा वेळ ते पूर्ण शुद्धीवर असत. "लेकीचा फोन आला होता का गं?" असं नीट विचारत. काकूंच्या गुडघ्याची चौकशी करत. एकदा तर लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीची आठवण काढून हसले. काकू भाजी घेऊन त्यांच्यासमोर चिरायला बसायच्या. उरलेल्या दिवसात घरात एक भांबावलेला म्हातारा वावरायचा, पण सकाळचा तो वेळ त्यांचा नवरा त्यांना परत मिळत होता.

पुढे काकूंच्या लक्षात आलं की रोज तोच कार्बोरेटर चाललाय. आज जोडलेला उद्या पुन्हा खोलायचा. बाकीची जीप धूळ खात होती.

इथेच काकूंची चूक झाली. त्यांना वाटलं, माणूस अडकलाय. जीप पुरी करायचीय आणि पुढचं सुचत नाहीये, म्हणून हा जीव इथेच घुटमळतोय. लेकही फोनवर म्हणाली, "आई, बाबांना एकदा चालत्या गाडीत बसव गं. त्यांचे हात चालतात तोवरच." जीप जोडून द्याल का, असं चोकला विचारलं तर त्याचे डोळे भरून आले, पण तो हो म्हणाला. इतक्या वर्षांत मित्राच्या जीपला त्याने मित्र शेजारी नसताना कधी पाना लावला नव्हता. आणि खोटं कशाला बोला, आपली बैठकीची फरशी मरण्याआधी एकदा दिसावी, असंही काकूंच्या मनाच्या कोपऱ्यात होतंच.

तेवढ्यात काकांची धाकटी बहीण भावाला भेटायला आली आणि थोडे दिवस आपल्याकडे घेऊन गेली. काकूंनी पिशवी भरून दिली. कार्बोरेटर द्यायचं काही त्यांना सुचलं नाही.

मग घरात जणू कार्य निघालं. चोक आणि बाकीचे सोबती सकाळपासून रात्रीपर्यंत राबले. दारातल्या झाडाच्या फांदीला साखळीची कप्पी अडकवून इंजिन खाली सोडलं, गिअरबॉक्स बसवला, नवे गॅस्केट, नव्या रबरी नळ्या, तारा. काकू चहा करून दमत नव्हत्या. टबाच्या तळाशी राहिलेले बोल्टसुद्धा एकेक करून जागेवर गेले. शेवटी चोकने किल्ली फिरवली. दोनदा नुसतीच कुरकुर झाली, मग निळा धूर ओकत जीप चालू झाली, आणि ती म्हातारी माणसं शाळकरी पोरांसारखी एकमेकांच्या गळ्यात पडली. काकूंनी त्या दिवशी सोडा टाकून बैठकीची फरशी घासली. काळे डाग काही गेले नाहीत, पण फरशी दिसली.

बहिणीबरोबर काका परत आले ते त्याच संध्याकाळी. फाटकाशीच थबकले. जीप धुतलेली, हिरवा रंग चकचकीत, इंजिन मुद्दाम चालू ठेवलेलं. सगळे श्वास रोखून बघत होते. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, कान देऊन ऐकलं. काकूंना वाटलं, आता म्हणतील टक टक वाजतंय. तेवढं जरी म्हणाले असते तरी चाललं असतं.

"छान ठेवलीय," काका म्हणाले. "कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुझीच की रे," चोक म्हणाला.

काका नुसते हसले, कुणी आपली थट्टा करतंय तसे. "माझी खोललेली आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

आत त्यांनी बैठक पाहिली. टेबलाखाली वाकून पाहिलं. साखरेचा डबा उघडला, तर त्यात साखर. मग मोकळ्या फरशीवर मधोमध उभे राहून त्यांनी काकूंना विचारलं, "अगं, माझं सामान कुठं गेलं?" आवाजात राग नव्हता, भीती होती. बाहेर इंजिन चालूच होतं. चोकने धावत जाऊन ते बंद केलं.

पुढचे कित्येक दिवस ते शोधत होते. पलंगाखाली, न्हाणीघरात, शेजाऱ्यांच्या जिन्यात. काकू हात धरून त्यांना जीपपाशी नेत, बॉनेट उघडून दाखवत, "हे बघा, हा तुमचा कार्बोरेटर." काका मान डोलावत आणि पुन्हा शोधायला लागत. सकाळी चहा झाला की हात मांडीवर चाळवत राहत, काही उचलायला नाही म्हणून एकमेकांनाच चोळत. मग तेही थांबलं. लेकीचं नाव ते घेईनासे झाले. बोलणं हळूहळू आटत गेलं. पसारा आवरला असं त्या समजत होत्या, आणि नवऱ्याला धरून ठेवणारी शेवटची दोरी आपल्याच हातांनी कापून बसल्या होत्या.

त्यांनी चोकला बोलावलं. "भाऊजी, ती पुन्हा खोला."

"वहिनी, चालती गाडी आहे."

"खोला म्हणते ना. जशी होती तशी मांडून द्या."

जन्मात पहिल्यांदाच त्या माणसाला जीप खोलणं जिवावर आलं. तरी त्याने खोलली. कार्बोरेटर काढला, डिस्ट्रिब्युटर काढला, हेड उतरवलं, वॉल्व्ह सुटे केले. बैठकीत तीच ताडपत्री अंथरली. काकूंनी साखर दुसऱ्या डब्यात ओतून स्प्रिंगा जागेवर ठेवल्या आणि टबात रॉकेल भरलं. कार्बोरेटर त्यांनी स्वतः ताडपत्रीच्या कडेला, उजव्या हाताला येईल असा ठेवला, बाजूला छोटा पाना आणि स्वच्छ फडकं. घरभर पुन्हा तो रॉकेलचा वास पसरला. तो वास आपल्याला एवढा हवासा वाटेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

सकाळी चहा झाला. काकूंनी नवऱ्याला दंडाला धरून बैठकीच्या दारापर्यंत आणलं. चोक भिंतीशी उभा होता. काकांनी ताडपत्रीवर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. त्यांचा हात किंचित पुढे आला. काकूंनी दंड सोडला.

काकांनी तो हात मागे घेऊन काकूंचा हात धरला आणि एकाही नटाला पाय लागणार नाही अशा बेताने, ताडपत्रीच्या कडेकडेने त्यांना पलीकडे नेलं.

"जपून," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कुणाचं तरी काम चाललंय. आपण मध्ये नको यायला."

चोकने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर आतल्या खोलीत गेल्या.