कमळातला ळ

त्या वर्षी गणपतीशी माझं बोलणं बंद होतं. आमचे हे होळीनंतर गेले, तेव्हापासून. समूहगान शिकवणं मात्र सोडलं नव्हतं, कारण तेवढं एकच मला येतं. मी गाणं कुठे शिकले नाही हो. यांच्या नोकरीपायी दिल्लीला आले, सरकारी क्वार्टर्समधल्या बायका गोळा करून गाऊ लागले, पुढे शाळेत मुलांना शिकवलं, आणि आता म्हातारपणी मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत. इथे वाढलेल्या मुलांच्या जिभेवर ळ काही बसत नाही. 'कमळ' सांगितलं की 'कमल' म्हणतात. मग मी त्यांची नक्कल करायची, सगळे हसायचे, आणि ळ जागेवर यायचा.

गणपतीत आरतीच्या आधी मांडवात तालीम चालली होती. मी हात वर केला, ओळ सांगितली, तर तोंडातून 'कमल' आलं. पोरं खिदळली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. "काकू, आज बिल्कुल दिल्लीवाल्या झालात," शेजारची सुनंदा म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. मला सांगायचं होतं, अगं, मी नक्कल करत नाहीये. पण तेही बोबडंच आलं आणि हशा वाढला. माझीच माणसं, प्रेमाने हसत होती, आणि मी त्यांच्यादेखत बुडत होते. इतक्या महिन्यांनी मनात म्हटलं, बाप्पा, आता तूच बघ.

दर्शनाच्या रांगेतून एक पंजाबी बाई थेट माझ्यासमोर आली. तिला मराठी कळत नव्हतं, म्हणून गंमतही कळली नव्हती. ती नुसता माझा चेहरा बघत होती. "आंटीजी, जरा मुस्कुराइए." मी हसले असेन. ती मागे वळली. "इनका मुँह टेढ़ा हो रहा है. मेरे पापाजी को ऐसे ही हुआ था. गाड़ी निकालो." मांडवातलं हसू जागच्या जागी थिजलं.

वेळेत आणलंत म्हणून वाचा वाचली, असं डॉक्टर म्हणाले. ती बाई कोण, कुणाकडे आली होती, सोसायटीत आजवर कुणाला ठाऊक नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. सुनंदा अजून डोळे पुसते. मी म्हणते, अगं, तुझा काय दोष, मला तरी कुठे कळलं होतं.

जन्मभर मला वाटायचं, माझा हात उठला की गाणं सुरू होतं. उजवा हात आता उठत नाही. मी खुर्चीत बसते. मुलं माझ्याकडे बघतात, आपापला श्वास घेतात आणि एकदम सुरू करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हबकलेच. आता नुसती ऐकते, आणि एका हाताने बाप्पाला नमस्कार करते. तेवढा त्याला चालतो.