मुंबईचा माणूस

तुमचे-आमचे कान डोक्याला असतात, पेटीबाबांचे तळपायांना होते. गाडीत बसण्याआधी ते चपला काढून हातात घेत, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हं, करा सुरू." मग रेडिओतली खरखर डायनामोकडून येते की दाराच्या पत्र्यातून, ते बिनचूक सांगत. "कान फसत्यात वकीलसायेब, पाय न्हाई फसत."

नगरजवळ केडगावला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. स्वतः ख्रिस्ती, पण गिऱ्हाईक सगळ्या देवांचं. "देवळातली असू द्या न्हाईतर चर्चातली, भाता फाटला की सारखीच रडती," म्हणायचे. सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं होती ती. पेट्यांचं काम आटत चाललं होतं आणि नगरात रेडिओवाल्या मोटारी दिसू लागल्या होत्या.

त्यातली एक माझी. माझी म्हणजे सासऱ्यांनी दिलेली. मी कोर्टात नवा वकील. सासरे पुण्यातले मोटारींच्या सुट्या भागांचे बडे व्यापारी. गाडीबरोबर आलेला रेडिओ रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा बोलायचा. पण फुकट मिळालेल्या गाईचे दात जावयानं कशाला मोजायचे? गुपचूप पेटीबाबांकडे नेली.

"आवाज स्पीकरात न्हाई, त्याच्या मागच्या पोकळीत असतो," ते म्हणाले. भात्याचं मऊ कातडं कापून त्यांनी स्पीकरच्या कडेखाली बसवलं, दारांच्या पत्र्यामागे जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले, खरखर थांबवायला डायनामोला कंडेन्सर लावला, मागच्या काचेखालच्या फळीत दुसरा स्पीकर बसवला. तरी समाधान नाही. "उभ्या गाडीत कुनाचंबी गानं ग्वाड लागतं," म्हणून आठवडाभर मला नगर-केडगाव फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी गाणारीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

मजुरी खिशात घालून ते जरा चाचरले. "एक इनंती हाय. कुनी इचारलं, कुनी केलं, तर माजं नाव सांगा. पेटीबाबा न्हाई, पुरतं नाव. मोटारीची चार कामं आली तर शेड टिकंल."

"अहो, सांगणारच की!" मी म्हणालो. वकिलाचाच शब्द तो.

महिनाभरानं सासरे आले. त्यांना पुण्याला सोडायला निघालो, तर नगरातच माळीवाड्याला पेटीबाबा पिशवी घेऊन उभे. केडगावपर्यंत मागे बसवलं. रेडिओ लागला आणि सासरे चकित झाले. "अरे, हा आपलाच रेडिओ? कुणी केलं हे काम?"

त्यांच्या एका शब्दावर माणसाचं दुकान चालायचं, हे मला ठाऊक होतं. पण आरशात मला विटका कोट दिसला, मांडीवरची पिशवी दिसली, अनवाणी पाय तर न बघताही दिसले. आपली कोरी गाडी एका पेटीवाल्यानं उघडली म्हटल्यावर सासरे काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"मुंबईला," मी म्हणालो. "कंपनीच्याच माणसानं." कोर्टात दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी उघड्या पाडणाऱ्या माझी जीभ जराही अडखळली नाही.

केडगावला उतरून पेटीबाबा माझ्या खिडकीशी आले. "वकीलसायेब, मुंबईच्या मानसाला सांगा, मागं डावीकडचा एक स्क्रू ढिला झालाय. खड्ड्यात किनकिन करतो." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला इतकी वर्षं बरी गेली असती.

"कानाचा पक्का दिसतोय. कोण हा?" सासऱ्यांनी विचारलं. ही दुसरी संधी होती.

"पेट्या दुरुस्त करतो," म्हणून मी गिअर टाकला.

नंतर सासऱ्यांनी मुंबईच्या त्या माणसाचा पत्ता दोनदा मागितला, मी दोनदा टाळला. पुण्याला जाताना शेडकडे पाहायचं टाळू लागलो. एकदा नजर गेलीच, तर कुलूप. ते मिरजगावला लेकीकडे गेले, असं शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं. कर्जतच्या कोर्टातल्या तारखांना मी कितीदा तरी मिरजगाववरून गेलो. थांबलो मात्र नाही. काय तोंडानं थांबणार?

आज सासरे नाहीत, गाडी नाही, आणि कुणी काही विचारतही नाही. लाज तेवढी उरली आहे. म्हणून कुणी न विचारताच सांगतो. ते काम मुंबईच्या माणसाचं नव्हतं. ते केडगावच्या शांतवन दानियल घोडके यांनी केलं होतं.