सोनवणेकाकांचे गुरुवार

फोन निखिलचा होता. मी ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये होते, म्हणून पहिल्यांदा कट केला. त्याने लगेच पुन्हा केला तेव्हा बाहेर येऊन घेतला. "दीदी, पप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी. मतलब... झोपेतच. मम्मी उठवायला गेली तर..." निखिल सोनवणेकाकांचा एकुलता एक मुलगा. जयपूरलाच जन्मला, वाढला. त्याचं मराठी घरापुरतं आणि त्यातही अर्धं हिंदी. पुढचं वाक्य त्याला कुठल्याच भाषेत जमलं नाही. मी "निघते" म्हणाले आणि लिफ्टपाशी येऊन उभी राहिले. तिथे माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आज बुधवार. रडू नंतर आलं. आधी वार आला. काकांच्या सहवासात पाच वर्षं काढलेल्या माणसाचं असंच होत असावं.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. काकांवर कुणीतरी लिहायला हवं असं जयपूरच्या आमच्या मराठी मंडळींत दोन-तीनदा निघालं आणि प्रत्येक वेळी सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलेली, त्यांची लाडकी. लिहायला मीच योग्य असं त्यांना वाटत होतं. मी का टाळत होते ते त्यांना माहीत नव्हतं.

दिनकर सोनवणे मूळचे भुसावळचे. रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. शास्त्रीनगरात त्यांचं दुमजली छोटं घर. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आले तेव्हा वडिलांच्या ओळखीतून त्यांची वरची खोली मिळाली. सामान टेकवलं न टेकवलं तोच त्यांनी विचारलं, "रुजू कधी व्हायचंय?"

"मंगळवारी."

त्यांनी भिंतीवरचं पंचांग पाहिलं. मग म्हणाले, "मंगळवार उग्र. नव्या कामाला बरा नाही. पण कंपनीला काय सांगणार आपण? असं कर, तू सोमवारीच जाऊन ये. दारापर्यंत. सोमवार चर, चालता वार. सुरुवात त्या दिवशी झाली की मंगळवार नुसता दुसरा दिवस."

मला हसू आलं होतं, पण नव्या शहरातलं पहिलं मराठी घर, म्हणून मान डोलावली. सोमवारी सकाळी ते मला घेऊन निघाले. स्कूटर होती, तरी मुद्दाम बसने. कुठली बस, कुठे बदलायची, मालवीय नगरच्या कुठल्या थांब्यावर उतरलं की रस्ता ओलांडावा लागत नाही, सगळं दाखवलं. ऑफिसच्या गेटवर वॉचमनला नमस्कार करून म्हणाले, "भैया, ये हमारी बेटी है, कल से आएगी." मग माझ्याकडे वळून, "झालीस बघ रुजू." दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रुजू झालेल्या दोन मुली रस्ता चुकून घामाघूम होऊन पोचल्या. मी वेळेआधी दहा मिनिटं खुर्चीत होते. वॉचमन मला ओळखत होता.

काकांचं वार बघणं हे असं होतं. पत्रिका, ग्रह यांत ते फार शिरायचे नाहीत. पंचांग बघायचे, पण त्यांचा भर वारांवर. दुकान, हिशेब, शिकणं यांना बुधवार. गुरूकडे किंवा मोठ्या माणसाकडे जायचं तर गुरुवार. कपडे, गाडी शुक्रवारी. जे टिकायला हवं ते रविवारी, कारण रविवार स्थिर. जयपूरला नोकरीसाठी आलेली महाराष्ट्रातली निम्मी पोरं त्यांना फोन करायची. "काका, फ्लॅटची किल्ली कधी घेऊ?" "काका, बाईक शुक्रवारी मिळत नाही, सोमवार चालेल?" ही मुलं दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी, कशावर विश्वास नसणारी. तरी फोन करायची. घरापासून लांब आलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणीतरी "कर, चांगलं होईल" म्हणावं लागतं, एवढंच असेल.

काकूंनी जयपूरजवळच्या बगरू गावच्या, हाताने छापलेल्या साड्या, ओढण्या घरून विकायचं ठरवलं तेव्हा माल आणायला अर्थातच बुधवार निवडला गेला. मीही रजा काढून त्यांच्याबरोबर बगरूला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या छपाईवाल्याला काकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आज बुधवार, व्यापाराला उत्तम, म्हणून आलो. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. ठसा कापडावर दाबून, वरून मुठीचा एक ठोका देत तो म्हणाला, "बाबूजी, रंग को तो धूप चाहिए. वार कोई भी हो." काकूंना वाटलं हे आता चिडतात. पण काकांना ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं.

त्यांना खरोखर रागावलेलं मी एकदाच पाहिलं. संध्याकाळी गच्चीत आम्ही बसलो होतो आणि एका मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं होतं, पण आई म्हणत होती की शनिवारी नको, सोमवारी नेऊ, काकांना विचार. काकांचा आवाज एकदम चढला. "आत्ता ने. आत्ता, फोन ठेव आणि निघ. दुखण्यात वार बघायचा नसतो, आईला सांग मी सांगितलं म्हणून." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "हे माझं चुकतं," ते मला म्हणाले. "लोकांना वार सांगतो, पण कुठे बघायचा नाही ते आधी सांगायला हवं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

तीन वर्षांनी मी मालवीय नगरातच फ्लॅट घेतला, भाड्याने. येण्या-जाण्यात दिवसाचे दोन तास जात होते. काकांनी वार सांगितला, काकूंनी लोणच्याची बरणी दिली. सुरुवातीला दर रविवारी जायचे. मग महिन्यातून एकदा. मग नुसते फोन. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा गेले तेव्हा काकांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक दिसलं. "बारीक झालात काका," मी म्हटलं. "काकू कमी घालते खायला," ते म्हणाले. मी हसले आणि निघाले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला. मंगळवार होता, सकाळचे दहा. आमच्या टीमचं मोठं काम त्या आठवड्यात पूर्ण करून द्यायचं होतं आणि मी दोन दिवस धड झोपले नव्हते. काका नेहमीसारखे सरळ बोलेनात. "जरा काम होतं तुझ्याकडे... गडबडीत आहेस का?"

"बोला ना काका."

"पोटाचं जरा... जेवण खाली उतरत नाही. रेल्वेच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हटलंय. तिथे सगळं मोबाईलवर, इंग्रजीत. निखिलची नोकरी नवी, गुडगावला, त्याला नको वाटतं सांगायला. काकूला तर काहीच बोललो नाही. तू येशील का बरोबर? आज?"

मला नाही म्हणायचं होतं. सरळ म्हणता आलं असतं, काका, आज जमत नाही, पण उद्या नक्की. त्यांना ते समजलं असतं. पण नाही म्हटलं की वाईट मी ठरले असते. म्हणून मी म्हटलं, "काका, आज मंगळवार आहे. तुम्हीच सांगता ना, मंगळवारी नवीन काही नको. गुरुवारी जाऊ."

पलीकडे शांतता. फोन कट झाला की काय, म्हणून मी बघितलं. मग त्यांचा आवाज आला, "हो. बरोबर आहे. गुरुवार चांगला."

त्या शांततेत काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. गच्चीतला तो फोन त्यांनाही आठवत होता, मलाही. वारावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि जिथे वार बघायचा नाही असं ते म्हणायचे, नेमका तिथे मी त्यांचाच वार त्यांच्यापुढे केला. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. माझी सोय होऊ दिली.

गुरुवारी मी मेसेज पाठवला, पुढच्या गुरुवारी नक्की. त्यांचा अंगठा आला. पुढच्या गुरुवारी मी पुण्यात होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय होतं ते आता आठवतसुद्धा नाही, इतकं ते महत्त्वाचं असणार. पाचवा की सहावा आठवडा असेल, काका न्हाणीघरात पडले. काकूंनी निखिलला बोलावून घेतलं आणि त्याने त्यांना दाखल केलं. पोटात गाठ होती, पसरलेली.

डॉक्टरांना मी एकटीने गाठून विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित काहीच फरक पडला नसता. हे वाक्य मी कितीतरी रात्री मनात उलटंसुलटं करून पाहिलंय. त्यात 'कदाचित' आहे.

त्यानंतरचे सात महिने मी सगळं केलं. रिपोर्ट वाचले, इंग्रजी समजावून सांगितलं, किमोच्या दिवशी रजा काढली. काका नर्सना सांगायचे, "ये हमारी ऊपरवाली लड़की है." त्यांना वरच्या मजल्यावरची म्हणायचं असायचं, पण हिंदीत ऊपरवाला म्हणजे देव, म्हणून नर्स हसायच्या. एकदा हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "काका, त्या मंगळवारी मी..." त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "तुझं प्रमोशनचं काय झालं गं?" मी सांगितलं, झालं. "छान," म्हणाले. त्या मंगळवारबद्दल त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

तेरावा झाला, निखिल गुडगावला परतला, आणि एका संध्याकाळी मी काकूंकडे गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. काकू ओढण्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, मंगळवार, गुरुवार, गच्चीतला फोन. त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काकांनी सांगितलं?"

"दाखल केल्यावर सांगितलं. आधी मला काय ठाऊक? मला वाटायचं हे दर गुरुवारी सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि बाहेर ओट्यावर बसतात, ते दत्ताच्या देवळात जायचं असेल. अकरा वाजले की आत येऊन शर्ट बदलायचे. विचारलं तर म्हणायचे, आज ऊन फार आहे."

काकूंनी शेवटची ओढणी गठ्ठ्यावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी तुला दोष दिला नाही, मेघना. म्हणाले, पोरगी कामात होती, मीच जोर करून सांगायला हवं होतं. पण मी त्यांच्यासारखी नाही. मला तुझा राग आला होता. अजून आहे. किती दिवस राहील माहीत नाही." ओढण्यांचा गठ्ठा उचलत त्या म्हणाल्या, "तरी येत जा. घर फार रिकामं वाटतं."

"कधी येऊ?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"गुरुवारी ये," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून जाते. काम असं काही नसतं. भाजी निवडते, साड्यांचे फोटो काढून देते, काकांच्या फोनवर कुणाचा फोन आला तर घेते. अजून येतात. परवा एका मुलाला ते गेल्याचं ठाऊक नव्हतं. फ्लॅटची किल्ली कधी घेऊ, विचारत होता. मी सांगितलं तसा तो "सॉरी" म्हणाला. मग संकोचून म्हणाला, "मग... रविवारी घेऊ का?" मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "घ्या," मी म्हटलं. "चांगलं होईल."

मागच्या गुरुवारी मीटिंग लांबली. साडेसहा झाले, सात झाले. पुढच्या आठवड्यात येते असा मेसेज मी काकूंना लिहिला, पाठवायच्या खुणेवर बोट ठेवलं, आणि पुसून टाकला. शास्त्रीनगरात पोचायला आठ वाजले. ओट्यावरचा दिवा लागलेला होता. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, चांगली साडी नेसून, वेणी घालून.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"हो," काकू म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या पान वाढायला.